वाईट बातमीचा तयार साचा

तारामतीबाई कंधारकरांना आयुष्यात एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे वाईट बातमी सांगणं. सासूबाई वारल्या तेव्हा बाईंचे यजमान नामदेवराव रेल्वेत गार्ड होते आणि ड्यूटीवर काझीपेटला होते. बाईंनी फोन लावला, घसा खाकरला आणि सांगितलं, "आईंची तब्येत जरा नरम आहे. सवडीनं या." आणि नामदेवराव खरंच सवडीनं आले हो! येताना आईसाठी मोसंबी घेऊन आले. दारात माणसं बघून पिशवी हातातून गळाली. त्या मोसंब्यांवरून घरात पुढं किती बोलणं झालं ते विचारू नका. बाईंचं एकच म्हणणं, "तोंडातून निघालंच नाही, काय करू?"

अशी बाई मास्तरीण कशी झाली, असं कुणी म्हणेल. अहो, पहिलीची मास्तरीण! पहिलीत वाईट बातमी नसतेच. कुणी नापास होत नाही, कुणाला काढून टाकत नाहीत, जूनमध्ये भोकाड पसरणारं पोर दिवाळीपर्यंत आपणहून डबा वाटून खायला लागतं. कंधारकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी लग्न होऊन नल्लकुंट्यात आली, हैदराबादेतल्या आपल्या मराठी मंडळींनी चालवलेल्या शाळेत पहिलीवर लागली आणि पहिलीवरच राहिली. बरोबरीच्या बायका हायस्कूलला गेल्या, सुपरवायझर झाल्या, चष्मा नाकावर घसरवून हिंडायला लागल्या. हिला विचारलं की उत्तर ठरलेलं, "नक्को बाबा. मोठी पोरं मला काय की भीतीच वाटते त्यांची."

शाळा उघडायच्या दिवशी पालकांना हॉलमध्ये बोलवायचं, ही तिथली जुनी पद्धत. त्या दिवशीचा फळा बाईंचा. रंगीत खडूनं असं काही स्वागत लिहायच्या, की पुसायला शिपायाचा हात धजत नसे. पण सालं बदलत होती. नव्व्याण्णव उजाडलं तोवर शहराला कम्प्यूटरचं खूळ लागलं होतं. दिलसुखनगरला ज्या माडीवर पूर्वी शिवणाचा क्लास होता तिथंही कम्प्यूटरचा क्लास, खाली दोसा, वर कम्प्यूटर, त्याच्यावर व्हिसाचा एजंट. पोरगं खालच्या मजल्यावर खाऊन चढायला लागलं की थेट अमेरिकेत उतरायचं. शाळेनंही पाच कम्प्यूटर घेतले आणि एक सर ठेवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर गेले अमेरिकेला. कम्प्यूटर राहिले.

जूनच्या सुरुवातीला शाळेचे सेक्रेटरी भगवंतराव यांनी बाईंना बोलावलं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त त्याला शाळा टिकवायची होती आणि ती कशी टिकवायची हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून तो मिळेल ती फांदी धरत होता.

"बाई, यंदा फळाबिळा नको," भगवंतराव म्हणाले. "हॉलमध्ये पडदा लावायचा. सिकंदराबादहून प्रोजेक्टर आणतोय. स्लाइड शो! 'चला पुन्हा शाळेत.' पालक नुसते बघत राहिले पाहिजेत."

"अन् ते करणार कोण?"

"तुम्ही. स्वागत तुमचंच असतं की दरवर्षी. त्यात तयार साचे असतात म्हणे, आपण नुसतं भरायचं."

बाई हसल्या. तेवढ्यात भगवंतरावांनी टेबलावरचा पेपरवेट उगीच फिरवला. "आणखी एक. कमिटीचं ठरल्यात जमा आहे. या वर्षापासून मराठीची पहिली उघडायची नाही. नावंच येत नाहीत हो बाई, सगळ्यांना इंग्लिश पाहिजे. जी थोडी पोरं आली आहेत ती इंग्लिशच्या वर्गात बसवू. शाळा उघडली की त्या रविवारी सह्या होतील. तुम्हाला लायब्ररी देऊ, आरामात राहा. पण पालकांना आत्ता काही बोलू नका. सह्या झाल्या की मी हळूच सांगेन. उगाच कालवा कशाला?"

"बरं," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी नामदेवरावांना काय सांगावं? "शाळेत जरा बदल आहे." आता नामदेवराव त्या मोसंब्यांपासून शहाणे झाले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "जरा म्हणजे किती? सरळ बोल. कोण गेलं?"

"पहिली गेली," बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

नामदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सह्या रविवारी. शाळा उघडते शुक्रवारी. सगळे पालक त्या दिवशीच एका छताखाली भेटतील, नंतर कोण कुठं अन् कोण कुठं. तेव्हा सांगितलंस तर चार माणसं उठून विचारतील तरी. नाही सांगितलंस तर संपलं. वर्ग बंद झालेला कुणाला कळणारही नाही."

"माझ्यानं होईल का हो?"

"करून बघ. मी पालक." नामदेवराव खुर्चीवर ताठ बसले. बाई समोर उभ्या राहिल्या. "पालकहो," त्या म्हणाल्या, "आपल्याला कळवायला..." आणि थांबल्या. वळून म्हणाल्या, "चहा टाकू का?" रोज संध्याकाळी ही तालीम व्हायची आणि रोज चहा व्हायचा.

वरच्या मजल्यावर पुण्याची वैशाली भाड्यानं राहायची. ती आणि तिचा नवरा दोघं सॉफ्टवेअरमध्ये. बाईंचं 'हौ' आणि 'काय की' ऐकून पहिल्यांदा ती तोंड लपवून हसली होती. आता स्वतःच रिक्षावाल्याला "हौ, चलते" म्हणायची. बाईंनी तिला गाठलं. वैशालीनं शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी दुपारी शाळेची कम्प्यूटरची खोली उघडून घेतली, मराठी अक्षरं फ्लॉपीवरून मशीनमध्ये घातली आणि बाईंना खुर्चीवर बसवलं.

बाईंनी माऊस हातात धरला तो चिमणीचं पिल्लू धरावं तसा. "अहो काकू, चावत नाही तो," वैशाली म्हणाली. मग तिनं एक यादी उघडली आणि पडद्यावर एकामागून एक तयार पानं दिसायला लागली. निळं आभाळ आणि त्यावर सोनेरी रेघ. हिरवी पाटी, तिला लाकडाची चौकट. रंगीत पेन्सिलींची महिरप, मध्ये मजकुराला मोकळी जागा. पिवळी बस, लाल कौलांची शाळा, वर घंटा.

"अगं बाई!" बाईंचा हात छातीवर गेला. "हे सगळं आधीच काढून ठेवलंय?"

"हो. टेम्प्लेट म्हणतात."

"कुणी काढलं?"

"कंपनीतल्या लोकांनी. तिकडं, अमेरिकेत."

"कुणासाठी?"

वैशालीनं खांदे उडवले. "कुणासाठीही."

ते 'कुणासाठीही' बाईंच्या मनात रुतलं. याच बाई बरं का, जाळीच्या छाप्यानं रांगोळी घालणाऱ्या शेजारणींना वर्षानुवर्षं नावं ठेवत आल्या होत्या. हाताची ती हाताची, छाप्याची काय कुणीही काढेल! आणि आता त्या पडद्याकडे देव्हाऱ्याकडे बघावं तशा बघत होत्या. कुठला कोण माणूस. त्यानं हैदराबाद पाहिलं नाही, नल्लकुंटा ऐकलं नाही. पण जगात कुठंतरी कुणीतरी शाळा उघडणार आहे, तिला पेन्सिली लागतील, म्हणून त्यानं बसून पेन्सिली रंगवल्या आणि ठेवून दिल्या. ना ओळख ना पाळख! बाईंना गहिवरून आलं.

"हे सफरचंद कशाला ठेवलंय पुस्तकावर?" त्यांनी विचारलं.

"तिकडं मुलं म्हणे टीचरला सफरचंद देतात."

"आपल्याकडं सीताफळ देतात. अन् तेही वर्गात बिया थुंकतात." पण सफरचंद त्यांनी ठेवलं. एका बटणावर सगळ्या पानांचा रंग पिवळ्याचा जांभळा झाला तेव्हा त्या जोरात हसल्या, आणि "परत कर, परत कर," म्हणून चार वेळा ते करून घेतलं. मग वैशालीनं अक्षरं उडवून दाखवली. 'स्वागत' मधला 'स्वा' उजवीकडून गिरकी घेत आला, मागून 'ग', मागून 'त', आणि तिन्ही येऊन गुपचूप ओळीत बसली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. एवढी वर्षं त्यांनी अक्षरं बसलेली पाहिली होती, येताना कधी पाहिली नव्हती.

स्वागत झालं, वेळापत्रक झालं, गणवेश झाला. आणखी कसले साचे आहेत म्हणून वैशाली यादी खाली खाली नेत होती. माल विकण्याचा साचा, कामाचा अहवाल द्यायचा साचा. एका ठिकाणी ती खुदकन हसली. "हा बघा काकू, वाईट बातमी सांगण्याचा साचा. मॅनेजर लोकांसाठी. माणसं काढायची असली की."

"थांब गं," बाई म्हणाल्या. "काय म्हणालीस? उघड तो."

साचा उघडला. आतली इंग्रजी शीर्षकं वैशालीनं वाचून मराठीत सांगितली. पहिलं पान, काय झालं आहे ते सरळ सांगा. दुसरं, हे असं का झालं. तिसरं, काय काय करून पाहिलं. चौथं, आता पुढं काय. प्रत्येक शीर्षकाखाली रिकामी जागा, तुम्ही भरा म्हणून सोडलेली.

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. हो हो, काटा! हसू नका. ज्या बाईला जन्मभर वाटत आलं की हा दोष आपल्या एकटीच्याच जिभेचा, तिला त्या दुपारी कळलं, की सातासमुद्रापलीकडे कुणीतरी हे ओळखून होतं. माणसाला वाईट बातमी सांगावी लागते, सांगताना घसा बसतो, शब्द सापडत नाहीत, तेव्हा त्याला निदान पायऱ्या बांधून द्याव्यात, हे कुणाच्या तरी मनात आलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, "केवढं कळलं असेल गं त्या माणसाला."

मग त्यांनी एकेक पान सांगितलं आणि वैशालीनं भरलं. बाईंचा आवाज एकदाही अडकला नाही, कारण त्या वैशालीला सांगतच नव्हत्या, साच्याला सांगत होत्या. लिहून झाल्यावर वैशालीनं सगळं पुन्हा एकदा वाचलं. "काकू, भगवंतरावांना माहितीये हे?"

"नाही. आता असं कर, ही पानं स्वागताच्या मागं जोड. सगळं आपोआप चालू दे, मला बटण दाबायला लावू नकोस, हात कापतील. अन् अक्षरं उडवायची. सगळ्यांत झकास प्रकार असेल तो लाव. बातमी वाईट आहे म्हणून काय, दिसायला तरी चांगली असू दे."

इथंच बाई चुकल्या. पण ते त्या वेळी वैशालीच्याही ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. मराठी वर्गांचे पालक थोडे, इंग्लिशचे पुष्कळ, पण सगळी आपलीच माणसं. घरात मराठी, दारात तेलुगु, बाजारात उर्दू. खिडक्यांना काळे कागद लावलेले. प्रोजेक्टर सुरू झाला आणि पडद्यावर आधी नुसता पांढरा उजेड पडला, तेवढ्यानंच लोक "अरे वा" म्हणाले. मग पिवळी बस आली. पेन्सिली आल्या. 'स्वागत' गिरक्या घेत आलं आणि मांडीवरची पोरं टाळ्या पिटत उभी राहिली. बाई पडद्याच्या बाजूला अंधारात उभ्या होत्या. आपण केलेलं हे, एवढं मोठं, भिंतीएवढं, हे त्यांचं त्यांनाच खरं वाटेना. गणवेशाचं पान गेलं, वेळापत्रकाचं गेलं, आणि मग निळं आभाळ आलं, सोनेरी रेघ आली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

टपटप टपटप अक्षरं उतरत असल्याचा आवाज आला. आता कुणीतरी ओरडेल, बाईंना वाटलं. आता कुणीतरी उठेल. स्टेजवर भगवंतरावांनी पहिली ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. ते अर्धवट उठले. तेवढ्यात हॉलमधून मोठ्ठ्या टाळ्या झाल्या.

बाईंनी डोळे उघडले. लोक हसत होते, एकमेकांना पडद्याकडे बोट करून दाखवत होते. दुसरं पान आलं, 'हे असं का झालं', त्याची अक्षरं खालून कारंज्यासारखी वर आली, पुन्हा टाळ्या. तिसऱ्याला कुणीतरी शीळ घातली. भगवंतराव सावकाश खाली बसले, इकडेतिकडे बघितलं आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

बाई चक्रावल्या. एवढी वाईट बातमी, आणि टाळ्या? यांना आनंद झालाय? म्हणजे मराठीची पहिली बंद झाली हे यांना पाहिजेच होतं? शो संपला, दिवे लागले. भगवंतराव घाईघाईनं माइककडे निघाले होते, इतक्यात पुढच्या रांगेतला एक तरुण बाप उभा राहिला. विकास त्याचं नाव, दिलसुखनगरला त्याचं कॅसेटचं दुकान होतं, मुलगी यंदा बाईंच्या पहिलीला यायची होती.

"बाई, एकदम कमाल होतं हां," तो म्हणाला. "पण ते लास्टला काय लिहिलं होतं, सांगा ना. मी तेलुगु मीडियमचा. शाळेत हिंदी होती, अक्षरं ओळखू येतात, पण मी असं जोडून जोडून वाचतो. पहिला शब्द लावेपर्यंत दुसरी ओळ उडून येते."

मागून कुणीतरी म्हणालं, "मला पण." एक बाई लाजत हसली, "हौ, आमचं पण तसंच. दिसायला मस्त होतं." आणखी दोनचार, मग अर्धा हॉल. ज्या चार म्हाताऱ्यांना सरळ वाचता येत होतं, त्यांचे चष्मे त्या घाईला पुरले नव्हते.

जिच्या समोर दरवर्षी नवी पोरं वाचायला लागतात, त्या बाईला वाटत असतं की सगळं जग वाचतंय. आपल्या शाळेचे पालक, मराठी बोलणारे, मराठीत भांडणारे, मराठीत रडणारे, आणि त्यांना हे वाचता येत नाही, हे तारामतीबाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं. बातमी कुणालाच कळली नव्हती. म्हणजे ती अजून सांगायचीच होती, आणि साचा तर संपला होता.

भगवंतराव माइकवर म्हणाले, "काही नाही, काही नाही, स्वागतच होतं..."

"भगवंतराव, बसा," बाई म्हणाल्या. आवाज एवढा मोठा नव्हता, पण तो वर्गातला आवाज होता, आणि भगवंतराव बसले. "वैशाली, ते निळं पान लाव. अन् उडवू नकोस. स्थिर ठेव."

निळं पान पुन्हा आलं. बाईंनी कोपऱ्यातली खिडकी उघडायची काठी उचलली आणि पडद्याजवळ गेल्या. सांगायला तोंड उघडलं, तर ओठांवर तालमीतला चहाच आला. सगळा हॉल वाट बघत होता. मग त्यांनी काठीचं टोक पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि विकासकडे बघितलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "घाई नाही. सगळ्यांनी."

"या," विकास म्हणाला. काठी पुढं सरकली. "व... र्षा... पा... सू... न." मागून बायकांचे आवाज मिसळले. "आ... प... ल्या." आता पोरंही ओरडायला लागली. "शा... ळे... त." हिंदीत नसलेल्या त्या 'ळ'शी बरेच जण अडखळले, हसले, बाईंनी काठी मागं घेतली, पुन्हा म्हणवून घेतलं, आणि या वेळी तो सगळ्यांना आला. आवाज वाढत गेला. केवढा आवाज! दुकानदार, कारकून, बँकेतल्या बायका, सिकंदराबादचे रेल्वेवाले, कडेवर मुलं घेतलेली मोठमोठी माणसं, सगळी एका काठीकडे बघत एका सुरात वाचत होती. बाईंचे डोळे लकाकत होते. अशी पहिली त्यांना जन्मात मिळाली नव्हती. खाली बसलेले भगवंतरावसुद्धा ओठ हलवत होते.

"म... रा... ठी... ची," हॉल म्हणाला. "प... हि... ली." इथं तर पोरांनी घोषणा द्यावी तशी आरोळी ठोकली. "उ... घ... ड... णा... र."

सगळे हसत होते. एकच शब्द उरला होता. बाईंनी काठी त्याच्याखाली नेली.

"ना... ही," लोक म्हणाले.

म्हणता म्हणताच ते सगळ्यांना कळलं. आवाज मधूनच तुटला. कडेवरचं एक पोर एकटंच 'ही ही' करत राहिलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. विकास उभाच होता. त्यानं पडद्याकडे बघत पुन्हा सुरुवातीपासून, एकट्यानं, न अडखळता, सगळं वाक्य सलग वाचलं. "या वर्षापासून आपल्या शाळेत मराठीची पहिली उघडणार नाही."

बाईंनी काठी खाली घेतली.

"शाब्बास," त्या म्हणाल्या.